‘ढ’पासून ‘दिव्यांग’पर्यंत
बौद्धिक व अध्ययन अक्षमतेविषयीच्या समजुतीचा इतिहास

मराठी शाळेत पिढ्यान्‌पिढ्या एक अक्षर शिवीसारखे वापरले गेले. ते अक्षर म्हणजे ‘ढ’. लिपीचे जाणकार सांगतात की, सम्राट अशोकाच्या काळातील ब्राह्मी लिपीपासून आजच्या देवनागरीपर्यंत बहुतेक सर्व अक्षरांची रूपे पालटली. ‘ढ’ मात्र जवळजवळ होता तसाच राहिला. जो विद्यार्थी वर्षानुवर्षे जागचा हलत नाही तो ‘ढ’, अशी या शब्दाची उपपत्ती सांगितली जाते. जैन परंपरेनुसार भगवान ऋषभदेवांनी आपल्या ब्राह्मी या कन्येस लिपी आणि सुंदरी या कन्येस अंकविद्या शिकविली. ज्ञानदानाच्या त्या मंगल आरंभातून आलेले एक अक्षर पुढे अजाण बालकांच्या कपाळी डाग म्हणून लागावे, ही विचार करावयास लावणारी गोष्ट आहे.

या एका अक्षराखाली समाजाने दोन अगदी भिन्न प्रकारची मुले एकत्र उभी केली. पहिल्या प्रकारच्या मुलांची समजण्याची, विचार करण्याची आणि नित्य व्यवहार सांभाळण्याची शक्तीच वयाच्या मानाने बरीच कमी असते. त्यांना पूर्वी ‘मतिमंद’ म्हणत. आता ‘बौद्धिक अक्षमता’ हा शब्द वापरतात. दुसऱ्या प्रकारच्या मुलांची बुद्धी सर्वसाधारण, क्वचित तल्लखही असते. परंतु वाचन, लेखन किंवा गणित यांपैकी एखाद्या ठिकाणी त्यांची गाडी अडते. ही ‘अध्ययन अक्षमता’ होय. ज्या गजाने कापड मोजतात त्याच गजाने धान्य मोजू गेल्यास हिशेब चुकणारच. समाजाचा हा हिशेब शेकडो वर्षे चुकत आला. तो कसा चुकला आणि कोणी दुरुस्त केला, याची ही हकीकत आहे.

माषतुष मुनी आणि विष्णुशर्मा

आपल्याकडील जुन्या कथांमध्ये मंदबुद्धीच्या माणसाविषयी आश्चर्य वाटावे इतकी समजूत आढळते. जैन कथासाहित्यातील माषतुष मुनींची कथा अनेकांना ठाऊक असेल. या मुनींना काहीही पाठ होत नसे. गुरूंनी शेवटी त्यांना ‘रोष करू नकोस, हर्ष करू नकोस’ अशा अर्थाचे मोजके शब्द दिले. तेही त्यांच्या तोंडी नीट राहिले नाहीत. त्यांचे ‘माष तुष’, म्हणजे उडीद आणि फोल, असे होऊन बसले. लोक हसत. मुनी मात्र तेच शब्द श्रद्धेने घोकत राहिले आणि अखेरीस त्यांना केवलज्ञान प्राप्त झाले. दिगंबर परंपरेत हीच कथा शिवभूती मुनींच्या नावे येते. पाठांतर म्हणजे ज्ञान नव्हे, ही गोष्ट त्या कथाकारांनी फार पूर्वी ओळखली होती.

पंचतंत्राची चौकटही अशीच आहे. राजा अमरशक्तीचे तीन पुत्र शास्त्र शिकण्यास असमर्थ होते. विष्णुशर्म्याने त्यांना व्याकरणाचे ग्रंथ न घोकविता प्राण्यांच्या गोष्टी सांगून सहा महिन्यांत राजनीती शिकविली. मूल शिकत नसेल तर शिकविण्याची रीत बदलावी, हे सूत्र त्यात आहे. इ. स. ११९९ मध्ये पूर्णभद्र या जैन मुनींनी ‘पंचाख्यान’ या नावाने पंचतंत्राची नवी रचना सिद्ध केली आणि ती दूरवर पसरली. कथा पसरली, परंतु तिचे सूत्र व्यवहारात उतरले नाही. शाळेत छडी आणि घरात उपहास हेच अशा मुलांच्या वाट्यास येत राहिले.

अरण्यातील मुलापासून बालमंदिरापर्यंत

आधुनिक काळात या विषयाचा आरंभ फ्रान्समध्ये झाला. इ. स. १८०० च्या सुमारास आव्हेरों भागातील अरण्यात एकटा वाढलेला, बोलता न येणारा एक मुलगा लोकांना सापडला. मोठमोठ्या वैद्यांनी तो सुधारणार नाही असे सांगितले. झां इतार या तरुण डॉक्टरने मात्र काही वर्षे त्याला शिकविण्याचा प्रयत्न केला. मुलगा बोलू लागला नाही. परंतु काही शब्द ओळखू लागला, माणसांत वावरू लागला. इतारचे शिष्य एदुआर सेगें यांनी त्यापुढे जाऊन १८४६ मध्ये अशा मुलांच्या शिक्षणावर सविस्तर ग्रंथ लिहिला. हात, डोळे, कान यांना आधी शिक्षण द्यावे, बुद्धी त्यामागून येते, हा त्यांचा सिद्धांत होता.

इटलीतील डॉ. मारिया माँटेसरी यांनी याच दोघांच्या पद्धतींचा अभ्यास करून प्रथम मंदबुद्धीच्या मुलांना शिकविले. त्यांची प्रगती पाहून ही साधने सर्वसामान्य मुलांसाठी का वापरू नयेत, असा प्रश्न त्यांना पडला आणि १९०७ मध्ये रोम येथे त्यांचे पहिले बालगृह सुरू झाले. भावनगरचे गिजुभाई बधेका यांनी ही पद्धत गुजरातेत आणली. विवाहानंतर काही काळ अमरावतीस राहिलेल्या ताराबाई मोडक पुढे गिजुभाईंच्या सहकारी झाल्या आणि त्यांनी हे बालशिक्षण महाराष्ट्रात रुजविले. आज गावोगावच्या बालवाडीत लाकडी ठोकळे, मणी आणि रंगीत पट्ट्या दिसतात. त्यांचे मूळ त्या मुलांच्या शिक्षणात आहे ज्यांना जग ‘निरुपयोगी’ म्हणत होते. हे ऋण सहसा कोणाच्या ध्यानी येत नाही.

बुद्धीचे मोजमाप आणि कायद्याची भाषा

शाळेत मागे पडणारी मुले ओळखण्यासाठी फ्रान्समध्ये आल्फ्रेड बिने यांनी १९०५ मध्ये बुद्धिमापनाची पहिली चाचणी तयार केली. मुलास अधिक साहाय्य मिळावे हा त्यांचा हेतू होता. तो आकडा म्हणजे मुलाचे कायमचे भाग्य नव्हे, असे त्यांचे मत होते. धारवाडचे डॉ. व्ही. व्ही. कामत यांनी ही चाचणी मराठी व कानडी मुलांसाठी घडविली आणि ‘बिने-कामत चाचणी’ म्हणून ती आपल्याकडे मान्यता पावली. बुद्ध्यंक सुमारे ७० च्या खाली असणे एवढ्यावरच बौद्धिक अक्षमतेचा निर्णय करू नये, हे आता सर्वमान्य आहे. मूल स्वतः जेवते का, कपडे घालते का, इतरांशी कसे वागते, रस्ता ओलांडते का, पैसे ओळखते का, या व्यवहाराच्या गोष्टीही तितक्याच तपासाव्या लागतात.

कायद्याची भाषा बदलण्यास मात्र फार काळ लागला. १९१२ च्या भारतीय वेडेपणाविषयीच्या कायद्याने जन्मतः मंदबुद्धी असलेली व्यक्ती आणि मनोरुग्ण यांना एकाच व्याख्येत बसविले. मनोविकार हा आजार आहे, तो औषधाने बरा होऊ शकतो. बौद्धिक अक्षमता ही एक अवस्था आहे, तिला औषधापेक्षा शिक्षणाची गरज असते. हा भेद कायद्याने प्रथम १९८७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात स्पष्ट मानला. म्हणजे पाऊण शतक शिकू शकणारे मूल कायद्याच्या दृष्टीने ‘वेडे’च होते. जी चूक कायद्याने केली, तीच गावागावांतून घडत राहिली.

पालकांनी उभारलेल्या शाळा

महाराष्ट्रात या मुलांसाठी जे उभे राहिले, त्याचा पाया बहुतेक ठिकाणी विद्वानांनी वा सरकारने घातलेला नाही. तो आईबापांनी घातला. मुंबईत १९४४ मध्ये होरमसजी व जय वकील या पारशी दांपत्याने डाऊन सिंड्रोम असलेल्या आपल्या मुलीसाठी घरातच शिक्षणाची सोय केली. त्यातूनच पुढे शिवडीची ‘जय वकील’ ही मोठी शाळा उभी राहिली. पुण्यात १९६४ मध्ये ‘कामायनी’ सुरू झाली. नाशिकमध्ये रजनीताई लिमये यांनी आपल्या मुलाच्या निमित्ताने १९७७ मध्ये ‘प्रबोधिनी’ शाळा काढली आणि शेकडो मुलांच्या त्या आई झाल्या. विदर्भात, कमलाताई होस्पेट व वेणूताई नेने यांनी १९२१ मध्ये स्थापन केलेल्या नागपूरच्या मातृ सेवा संघाने प्रसूतिगृहांच्या कार्याबरोबर मतिमंद मुलांसाठी ‘नंदनवन’ ही शाळाही चालविली. केंद्र सरकारने सिकंदराबाद येथे या विषयाची राष्ट्रीय संस्था स्थापन केली ती १९८४ साली, म्हणजे वकील दांपत्याच्या घरातील शाळेनंतर ४० वर्षांनी.

या शाळांत काय शिकवितात, असा प्रश्न पुष्कळांना पडतो. सदऱ्याची गुंडी लावणे हे उदाहरण घ्यावे. आपल्याला ते एक काम वाटते. विशेष शिक्षक त्याचे लहान लहान टप्पे पाडतात : गुंडी धरणे, काज उघडणे, गुंडीची कड काजात सरकविणे, दुसऱ्या बाजूने ती ओढून घेणे. पुष्कळदा शेवटचा टप्पा आधी शिकवितात. कारण मुलाच्या हातून काम पूर्ण झाले की त्याला आनंद होतो आणि उमेद वाढते. एक गुंडी शिकण्यास कधी एक महिना, कधी सहा महिने लागतात. परंतु ज्या दिवशी ते मूल स्वतःचा सदरा स्वतः घालते, त्या दिवशी त्या घरातील आईचे आयुष्य बदललेले असते. सौम्य अक्षमता असलेली मुले याच मार्गाने लिहिण्यावाचण्यापर्यंत, पुढे मेणबत्त्या, फाइली, मसाल्याची पाकिटे यांसारख्या उद्योगांपर्यंत पोहोचतात. या मुलांत मोठी संख्या सौम्य गटाचीच असते, हे लक्षात ठेवावे.

१९९१ मध्ये आलेल्या ‘चौकट राजा’ या मराठी चित्रपटाने हा विषय घराघरांत नेला. दिलीप प्रभावळकरांनी साकारलेला नंदू पाहून अनेकांचे डोळे पाणावले. लहानपणीच्या अपघाताने नंदूची बुद्धी खुंटलेली दाखविली आहे. त्यामुळे ही अवस्था कोणत्याही सुखवस्तू घरात येऊ शकते, हे प्रेक्षकांना उमगले.

बुद्धी आहे, पण अक्षर वाचता येत नाही

अध्ययन अक्षमतेचा इतिहास याहून अलीकडचा आहे. १८९६ मध्ये प्रिंगल मॉर्गन या इंग्रज डॉक्टरांनी १४ वर्षांच्या एका मुलाविषयी लिहिले. तो हुशार होता, खेळात चपळ होता, अंक त्याला येत. परंतु अक्षरे वाचता येत नसत. सारे शिक्षण तोंडी असते तर हाच मुलगा शाळेत पहिला आला असता, असे त्याच्या शिक्षकांचे मत होते. ‘अध्ययन अक्षमता’ हे नाव मात्र १९६३ मध्ये अमेरिकेत सॅम्युएल कर्क यांच्यामुळे रूढ झाले.

अशा मुलास अक्षर आणि त्याचा उच्चार यांचा मेळ घालणे जड जाते. ‘ब’ आणि ‘व’, ‘भ’ आणि ‘म’ यांत घोटाळा होतो, जोडाक्षरे सुटतात, फळ्यावरील मजकूर उतरविताना ओळी गळतात. काहींचे वाचन चांगले असते, पण हातची बेरीज, वजाबाकी जमत नाही. एकीस लिपी आणि दुसरीस अंक, या ब्राह्मी-सुंदरीच्या कथेत दोन विद्या निराळ्या मानल्या आहेत. शास्त्रही आता सांगते की या दोन अडचणी परस्परांहून वेगळ्या असू शकतात. असे मूल आळशी नसते, खोडकर नसते. रोज मार आणि टोमणे खाऊन ते हळूहळू तसे होऊ लागते, हे खरे दुःख आहे.

येथेही पालकच पुढे आले. १९९६ मध्ये मुंबईत पालकांच्या पुढाकाराने ‘महाराष्ट्र डिस्लेक्सिया असोसिएशन’ स्थापन झाली. त्याच वर्षी महाराष्ट्र शासनाने अध्ययन अक्षम विद्यार्थ्यांना शालान्त परीक्षेसाठी सवलती मान्य केल्या. जादा वेळ, शुद्धलेखनाच्या चुकांकडे दुर्लक्ष, एखाद्या भाषेतून सूट, गणिताऐवजी सोपे अंकगणित, अशा त्या सवलती होत. २००७ च्या अखेरीस ‘तारे जमीं पर’ हा हिंदी चित्रपट आला आणि हजारो पालकांना आपल्याच घरातील मूल पडद्यावर दिसले. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याने दिव्यांगत्वाचे २१ प्रकार मान्य केले. त्यांत बौद्धिक अक्षमतेबरोबर विशिष्ट अध्ययन अक्षमतेलाही स्थान मिळाले. शासकीय नोकऱ्यांतील आरक्षणातही या गटाचा वाटा ठरला.

कारणे आणि काळजी

बौद्धिक अक्षमतेची कारणे अनेक आहेत. डाऊन सिंड्रोममध्ये २१ वे गुणसूत्र दोनऐवजी तीन असते. झेरोम लेज्यून व त्यांच्या सहकाऱ्यांनी हे १९५९ मध्ये दाखवून दिले. २१ मार्च, म्हणजे २१ तारीख आणि तिसरा महिना, हा जागतिक डाऊन सिंड्रोम दिन याच आकड्यांवरून ठरला. जन्माच्या वेळी बाळ गुदमरणे, मेंदूचा ताप, डोक्याला मार, जवळच्या नात्यातील विवाहामुळे उतरणारे काही आनुवंशिक दोष, ही इतर कारणे होत. ग्रहणात गर्भवतीने काही चिरले, कोणाची दृष्ट लागली, या समजुतींना कोणताही आधार नाही. ‘लग्न करून दिले की सुधारेल’ या समजुतीने तर दुसऱ्या घरातील एका निरपराध जिवाचेही आयुष्य पणाला लागते.

काही प्रकार टाळताही येतात. जन्मतः थायरॉइडचे द्रव्य कमी असलेल्या बाळाची टाचेतील रक्ताच्या थेंबाने परीक्षा करून पहिल्या दोन-तीन आठवड्यांत औषध सुरू केले, तर त्याची बुद्धी बहुधा नेहमीसारखी वाढते; उशीर झाला तर झालेली हानी भरून निघत नाही. गर्भवतीच्या आहारात आयोडीन नसल्यास बाळाच्या मेंदूची वाढ खुंटते, म्हणून देशात १९६२ पासून आयोडीनयुक्त मिठाचा कार्यक्रम हाती घेतला गेला. बाळ वेळेवर मान धरत नाही, बसत नाही, दीड-दोन वर्षांपर्यंत एकही शब्द बोलत नाही, असे दिसल्यास ‘याचा बापही उशिरा बोलला’ म्हणून थांबू नये. लोहारा परिसरातील कुटुंबांना यवतमाळचे वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालय जवळ आहे. तपासणी लवकर झाल्यास शिक्षण लवकर सुरू होते, आणि पहिली पाच-सहा वर्षे सर्वांत मोलाची असतात.

कर्म कोणाचे?

जैन घरात असे मूल जन्मले की ‘ज्ञानावरणीय कर्माचा उदय’ असे उद्‌गार सहज निघतात. ज्ञानपंचमीला वरदत्त-गुणमंजरीची कथा ऐकलेल्या मातेच्या मनात तर ते उद्‌गार काट्यासारखे रुततात. परंतु ती कथा नीट ऐकली पाहिजे. गुणमंजरीने पूर्वजन्मी काय केले होते? शिकण्याचा त्रास मुलांना नको म्हणून त्यांची पाटी-पुस्तके जाळली होती. वरदत्ताने पूर्वजन्मी आचार्य असताना शिकविणेच बंद केले होते. तत्त्वार्थसूत्रातही ज्ञानावरणाच्या कारणांमध्ये ज्ञानात अंतराय आणणे हे कारण स्पष्ट सांगितले आहे. मग प्रश्न असा उरतो की, ज्या बालकाला शाळेतून परत पाठविले जाते, ज्याला पाहुणे आले की आतल्या खोलीत बसविले जाते, त्याच्या बाबतीत अंतराय कोण आणीत आहे? बालकाने पूर्वी कोणते कर्म बांधले ते केवली जाणोत. त्याला शिक्षणापासून दूर ठेवणारा मात्र आज, या क्षणी, तेच कर्म बांधीत असतो.

शास्त्र असेही सांगते की, निगोदातील सूक्ष्म जिवाचेही ज्ञान पूर्णपणे झाकले जात नाही. त्याचा अत्यल्प अंश सदैव उघडाच राहतो. ढग कितीही दाट आले तरी दिवस आणि रात्र यांतील भेद पुसला जात नाही. विशेष शिक्षक नेमके हेच करतो. उघडा असलेला तो अंश शोधतो आणि तेथून आरंभ करतो.

माझ्यामागे याचे कोण?

मोठ्या शहरांतील पालक संघटना आज ज्या प्रश्नाशी झुंजत आहेत, तोच प्रश्न खेड्यातील आईच्याही मनात असतो : माझ्यामागे याचे कोण? बदलापूरचे ‘आधार’ आणि डोंबिवलीजवळ खोणी येथील अमेय पालक संघटनेचे ‘घरकुल’ ही पालकांनी उभारलेली निवासी घरे याच प्रश्नातून जन्मली. आपल्या विदर्भात, अचलपूर तालुक्यातील वझ्झर येथे शंकरबाबा पापळकर यांनी रेल्वे स्थानकांवर व रस्त्यांवर टाकून दिलेल्या मतिमंद, मूकबधिर व अंध मुलांना केवळ आश्रय दिला नाही, तर स्वतःचे आडनाव दिले आणि अनेकांचे विवाहही लावून दिले. १८ वर्षे पूर्ण झाल्यावर निराधार दिव्यांगांना बालगृहाबाहेर काढू नये, यासाठी कायदा व्हावा, हा त्यांचा आग्रह आहे. २०२४ मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली.

घर असलेल्या मुलांसाठीही मार्ग आहेत. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यानुसार बौद्धिक अक्षमता असलेली व्यक्ती १८ वर्षांची झाल्यावर जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील स्थानिक समितीकडून तिचा कायदेशीर पालक नेमून घेता येतो. ‘निरामय’ योजनेतून आरोग्य विमा मिळतो. व्यापारी घरांत वाटणीपत्र करताना अशा भावाचा वा बहिणीचा हिस्सा ‘आम्ही सांभाळू’ या तोंडी आश्वासनावर सोडला जातो. सांभाळणारे भाऊ थकले, पुढची पिढी दूर गेली, की ते आश्वासन हवेत विरते. मृत्युपत्र, न्यास आणि नेमलेला पालक या तीन गोष्टी आईबापांच्या हयातीतच कागदावर उतरल्या पाहिजेत. बहीण-भावंडांची सोयरीक मोडेल या धास्तीने मूल लपविणारी घरेही असतात. सोयरीक जुळवितानाच जर समाज ते मूल मोकळेपणाने स्वीकारील, तर लपविण्याचे कारणच उरणार नाही.

१९७५ मध्ये जयपूर येथे स्थापन झालेल्या भगवान महावीर विकलांग सहायता समितीने लक्षावधी अपंगांना पायांवर उभे केले, याचा समस्त जैन समाजास सार्थ अभिमान आहे. तुटलेला पाय डोळ्यांना दिसतो, म्हणून दान त्याच्याकडे लवकर वळते. झाकलेली बुद्धी दिसत नाही. तिच्यासाठी एखादा विशेष शिक्षक, आठवड्यातून एक दिवस पालकांना बसण्यास जागा, शहरातील शाळेत जाण्यासाठी एका मुलाचे बसभाडे, एवढ्यापासूनही आरंभ करता येतो. वकील दांपत्याने एका खोलीपासूनच आरंभ केला होता.

पन्नास वर्षांचा टप्पा गाठलेल्या कोणत्याही धर्मसंस्थेच्या प्रांगणात पर्युषणाच्या दिवसांत सर्व वयाची मुले जमतात. त्यांत एखादे मूल स्तवन चुकीचे म्हणते, टाळ्या अवेळी वाजविते. ते पाहून यापुढे कोणी हसू नये. माषतुष मुनींनाही लोक हसले होते.